ट्रंकेत ११७ इंद्रजाल सापडलेत, आणि एकाचं शेवटचं पान नाही

माळ्यावरचा | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. आमचा नारायण पेठेतला वाडा अखेर पाडायला निघालाय. महिनाअखेरीपर्यंत जागा मोकळी करून द्यायची आहे, म्हणून गेले तीन रविवार मी आणि बायको माळा उपसतोय. बंब, पाट, दोन सतरंज्या, गणपतीच्या मखराचे थर्माकोल आणि सगळ्यात मागे एक हिरवी पत्र्याची ट्रंक. वर खडूने लिहिलेलं, 'आबांचे कागद'. आबा म्हणजे माझे आजोबा. वाटलं, कोर्टाचे कागद असतील.

उघडली तर डांबरगोळ्यांचा भपकारा आणि वर्तमानपत्राखाली वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम! मराठी इंद्रजाल कॉमिक्स, वेताळाचे आणि जादूगार मँड्रेकचे अंक. मोजले, ११७ भरले. ८३ सुटे आणि ३४ दोन जाड बाइंडिंगमध्ये. हे सगळे काकाचे. काका आता ७४ वर्षांचा आहे, चिंचवडला असतो. सुट्या अंकांच्या पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडलेत. काहींचे कोपरे हातात घेताच बिस्किटासारखे तुटतात. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव आणि 'वाचून परत करावे'. सोबत एक चाळीस पानी वही निघाली. तिच्यात वाड्यातल्या कुठल्या पोराने कुठला अंक नेला आणि कधी आणला, याचा हिशेब आहे. 'बाळ्या (मागची खोली), मँड्रेक, ४ नग' याच्यापुढे 'आले' हा रकाना कोराच आहे.

आता प्रश्न. रद्दीवाल्याला दाखवले तर तो वजनावर घेतो म्हणाला, त्याला चहा पाजून वाटेला लावला. पण आमच्या नव्या जागेत माळा नाही. ठेवायचे तर कसे? बाइंडिंगवाल्याने कडा कापल्यात, त्यांना काही किंमत असते का? आणि शेवटचं म्हणजे, एका सुट्या वेताळाला मुखपृष्ठ नाही आणि शेवटचं पानही नाही. वेताळाची मूठ उगारलेली आहे आणि तिथेच गोष्ट खलास. लहानपणी सुट्टीत मी हाच अंक दहादा वाचला असेन, पण शेवट कधीच कळला नाही. कुणाकडे असेल तर सांगा. फोटो खाली डकवतोय.

कवटीची_अंगठी | शनिवार, रात्री ११:५२

सर्वप्रथम हात आवरा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका (हसू नका, केलेले लोक मी पाहिले आहेत).

इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन. छापायचे साध्या न्यूजप्रिंटवर. त्या कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहून जातं. हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा पडतो, आतलं आम्ल वाढतं आणि पान ठिसूळ होतं. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत घाला, मागे आम्लविरहित पुठ्ठा लावा, खोक्यात उभे ठेवा. साधी पीव्हीसीची पिशवी नको, ती काही वर्षांत चिकट होते आणि शाई ओढते. गंजलेली पिन आतल्या बाजूने पातळ सुरीने उचलून काढा, ओढू नका. माळ्यापेक्षा पलंगाखालची जागा बरी, कारण पत्र्याखालच्या उन्हाळ्याने कागदाचे निम्मे हाल केलेले असतात.

बाइंडिंग केलेल्यांची किंमत शून्य धरा. कडा कापलेला अंक संग्राहकाच्या लेखी मेला.

फोटो पाहिला. क्रमांकाशिवाय सांगणं अवघड आहे, पण डेंकालीचा (वेताळाच्या देशाचा) उल्लेख आणि वेताळाच्या कपड्यांचा रंग यावरून थोडाफार अंदाज येतो. पहिल्या तीन पानांचे फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शनिपारकर | रविवार, सकाळी ८:१५

'मेला' काय मेला! माझे सगळे बाइंडिंग केलेले आहेत आणि साठ वर्षांनंतर मी रोज दुपारी त्यातलं एक उघडून वाचतो. तुमच्या पिशवीतला जिवंत अंक तुम्ही शेवटचा कधी वाचलात?

आमच्या वडिलांनी अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळातल्या एका बाइंडरकडे दिले होते. तो खळीत मोरचूद घालायचा. मोरचूद म्हणजे विष, त्यामुळे कसर त्या खळीला तोंड लावत नाही. नुसती कणकेची खळ असेल तर कसरीला आयतं जेवण. माझ्या एकाही खंडाला भोक नाही. कापडी पाठ, संगमरवरी नक्षीचा पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरात 'इंद्रजाल भाग ३'. कडा कापल्या हे खरं. त्या काळी तीन बाजूंनी कापून दिल्याशिवाय बाइंडिंग झालं असं कुणी मानायचंच नाही.

माळ्यावरचा, तुम्ही ते दोन खंड अजिबात सोडवू नका. आणि मलाही ते फोटो पाठवा. माझ्याकडे साठच्या आणि सत्तरच्या दशकातले बरेच आहेत.

डॉलरकाका | रविवार, सकाळी ९:४० (आमच्याकडे शनिवारची रात्र)

शून्य किंमतीवरून आठवलं. १९९२ साली मी ओहायोत शिकत होतो. नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनचा ७५ वा अंक आला, ज्यात तो मरतो. काळ्या पिशवीत सीलबंद, पिशवीवर रक्त ओघळणारा एस, आत दंडाला बांधायची काळी फीत. दुकानाबाहेर रांग होती. मी उपाशी राहून सहा घेतले. म्हटलं, मुलीच्या लग्नाला उपयोगी येतील. मुलीचं लग्न झालं, सहाच्या सहा पिशव्या तळघरात आहेत. दोन घास बाहेर खाल्ले तर संपतील एवढीच त्यांची किंमत.

कारण उघड आहे. लाखो लोकांनी माझ्यासारखाच विचार केला आणि लाखो पिशव्या जपून ठेवल्या. त्याच्या आदल्या वर्षी एक्स-मेनच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती खपल्या होत्या. त्यातल्या किती वाचल्या गेल्या देव जाणे. मग फुगा फुटला, दुकानं धडाधड बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

उलट १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, सुपरमॅनचं पहिलं दर्शन, किंमत दहा सेंट. पोरांनी वाचला, चुरगाळला, आयांनी फेकला, महायुद्धात रद्दीत गेला. आता जगात शंभरेक प्रती उरल्या असतील. २०२४ मध्ये त्यातली एक ६० लाख डॉलरला गेली. म्हणजे ज्यांनी टाकून दिला त्यांच्यामुळे तो महाग झाला. आणि ज्या दोघांनी सुपरमॅन घडवला, जेरी सीगल आणि जो शुस्टर, त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरना विकले होते.

शेवटच्या पानाबद्दल एक शंका. मागे कुपन होतं का बघा. हल्कचा १८१ वा अंक, १९७४ चा, वुल्व्हरिनचं पहिलं मोठं काम. त्यात एक छोटं तिकीट छापलेलं होतं, कापून वहीत चिकटवण्यासाठी. पोरांनी इमानदारीत कापलं. आज तिकीट असलेला आणि नसलेला यांच्या किंमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घेणारा आधी ते पान उघडून बघतो, मग मुखपृष्ठ.

ध्रुवतारा | रविवार, सकाळी १०:३०

धागा वाखूसा (वाचनखूण साठवली). पण सगळी आजोबा मंडळी इंद्रजालवरच अडकलीत म्हणून आमच्या पिढीची हजेरी लावतो.

आम्ही नव्वदीतली पोरं हिंदी राज कॉमिक्सवर वाढलो. माझं हिंदी शाळेत नाही, पुणे स्टेशनच्या बुकस्टॉलवर पक्कं झालं. उन्हाळ्यात नागपूरला आजीकडे जाताना वडील दोन घेऊन द्यायचे, दौंड येईपर्यंत दोन्ही संपलेले. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. ध्रुव अनुपम सिन्हांचा. ध्रुवकडे कसलीही दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, मोटरसायकल, डोकं आणि पशुपक्ष्यांची भाषा. मुखवटासुद्धा नाही. आज परत वाचताना लक्षात येतं की अर्ध्या गोष्टी तो शाळेतल्या भौतिकशास्त्रावर सोडवतो. आमचे विज्ञानाचे सर जे शिकवू शकले नाहीत ते त्याने शिकवलं.

आणि डोगा! मुंबईचा, कुत्र्याचा मुखवटा घालणारा. त्याला व्यायाम आणि मारामारी शिकवणारे चार चाचा: अदरक, धनिया, हल्दी आणि कालीमिर्ची. आईला वाटायचं मी स्वयंपाकाचं पुस्तक वाचतोय.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अजून ढीग दिसतात. गेल्या महिन्यात ४० रुपयांना एक डोगा घेतला, आत कुणीतरी गणिताची आकडेमोड करून ठेवलीय. उत्तर चुकलंय.

रेषारेषांत | रविवार, दुपारी १२:०५

ध्रुवतारा, तुमच्या नागराजचा पहिला अंक कुणी काढला ते सांगायचं राहिलं. प्रताप मुळीक, आपल्या पुण्याचे. अमर चित्रकथेत त्यांनी ढिगाने कामं केली, आणि १९८० च्या दशकात अमिताभ बच्चनला घेऊन जे 'सुप्रीमो' निघालं तेही त्यांच्याच हातचं. गुलाबी घट्ट कपड्यांतला, गॉगल लावलेला अमिताभ. संहितेवर सल्लागार म्हणून गुलजार! आता बघितलं की हसू येतं, पण चेहऱ्यातला अमिताभ एकाही चौकटीत हरवत नाही, हे नीट बघा. फोटोवरून एक चेहरा काढणं वेगळं आणि तोच चेहरा खालून, मागून, पाण्यात, ओरडताना काढणं वेगळं.

मी चित्रकलेच्या डिप्लोमाला होते तेव्हा ज्योत्स्ना प्रकाशनाची मुळीकांची स्केचिंगवरची पुस्तकं आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत असायची. ब्रशने मारलेली शाई. एकाच फटक्यात जाड होत जाणारी आणि शेपटाशी बारीक होणारी रेघ. नागराजच्या अंगावरचे खवले बघा, सगळे काढलेलेच नाहीत. खांद्यावर आणि मांडीवर थोडे दाखवून बाकीचे तुमच्या डोळ्यांवर सोडलेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दिलीप कदम यांनी पुढे राज कॉमिक्सचाच भोकाल काढला. दिल्लीत छापलेल्या हिंदी कॉमिक्समधले निम्मे स्नायू मराठी हातांनी काढलेले आहेत. वाचणाऱ्या पुणेकर पोरांना मात्र याचा पत्ता नव्हता, कारण नाव वाचतो कोण? मी पण नाही वाचलं.

वेताळाचं म्हणाल तर आपल्या डोळ्यांत बसलेला वेताळ बहुतेक साय बॅरीचा आहे. १९६१ पासून तो काढत होता. आधीच्या विल्सन मॅकॉयचा वेताळ थोडा लाकडी बाहुल्यासारखा, पण मला तोच जास्त आवडतो. भाबडा वाटतो.

सडेतोड | रविवार, दुपारी २:४५

सगळे गहिवरलेत म्हणून पाण्यात खडा टाकतो. मी गेल्या वर्षी पन्नासेक वेताळ सलग वाचले. नाही झेपले.

एक गोरा माणूस, ज्याच्या पूर्वजाने १५३६ मध्ये कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेच्या जंगलात राहतो आणि तिथले काळे लोक त्याला अमर समजून सिंहासनावर बसवतात. त्यांच्यातला एकही शहाणा चारशे वर्षांत म्हणत नाही, 'अरे, हा कालच्यापेक्षा उंच दिसतोय.' मँड्रेकचं तेच. लोथार म्हणे राजपुत्र, जगातला सगळ्यात ताकदवान माणूस, आणि करतो काय, तर टोपी घातलेल्या जादूगाराचं सामान उचलतो. आम्ही इंग्रजांना घालवून वीस वर्षं झाली नव्हती आणि खाऊचे पैसे देऊन हे वाचत होतो.

गंमत म्हणजे मूळ कथेत देशाचं नाव बंगालच्या जवळ जाणारं होतं आणि समुद्री चाच्यांचं नाव 'सिंग'. आपल्याकडे छापताना देशाचं डेंकाली केलं आणि सिंगचं सिंगा. म्हणजे आपल्या लोकांना टोचेल तेवढं काढलं, आफ्रिकेच्या लोकांना टोचेल ते तसंच ठेवलं.

शनिपारकर | रविवार, दुपारी ४:१०

सडेतोड, मुद्दा बरोबर आहे आणि तरीही मी वाचणार. माझ्या वडिलांच्या कपाटात याहून भयंकर पुस्तकं होती.

पण एक सांगतो. आम्ही पोरं वेताळाला गोरा समजतच नव्हतो. मुखवटा, घट्ट कपडे आणि नाव वेताळ. माझी तर बरीच वर्षं अशी समजूत होती की चांदोबात विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्ट सांगणारा तोच हा, मोठा होऊन जंगलात राहायला गेला. झाडावर लटकायचा कंटाळा आला असेल. ली फॉकला हे कळलं असतं तर त्याने तीही गोष्ट लिहिली असती. मँड्रेक १९३४ पासून आणि वेताळ १९३६ पासून, १९९९ मध्ये जाईपर्यंत तो लिहीतच होता.

आणि बहादूर विसरलात? १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरतींनी आणला. केशरी कुर्ता, जीन्स, चंबळचं खोरं, बाप डाकू. त्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच पोराला वाढवलं. तिथे कुणी गोरा नाही. बेला तर त्याच्याबरोबरीने मारामारी करायची. माझ्या बहिणीला फक्त तोच आवडायचा.

दहावीची_आई | रविवार, संध्याकाळी ६:३०

मुलाला मोबाइलमधून बाहेर काढायला मी कॉमिक्स सुरू केली, आता मीच वाचतेय.

स्पायडरमॅनचा भारतीय अवतार, पवित्र प्रभाकर, २००४ चा. चार अंकांची मालिका. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला मुलगा, माया काकू, भीम काका, वर्गातले पोरगे त्याच्या धोतरावरून चिडवतात. शक्ती कोळ्याच्या चाव्याने नाही तर एका योग्याकडून. जीवन कांग यांची चित्रं छान आहेत, रात्रीची मुंबई तर फारच. पण गोष्ट म्हणजे मूळ इंग्रजी गोष्टीला धोतर नेसवलंय. हिरवा राक्षस आला, काका गेले, चक्र पूर्ण. मुंबईत शिकायला आलेला मुलगा खोली कुठे घेतो, डबा कुठून येतो, लोकलमध्ये काय होतं, यातलं काही नाही. मला तेच हवं होतं. २०२३ च्या सिनेमातला पवित्र माझ्या मुलाला जास्त आवडला. केसांना तेल लावतो, चहाला 'चाय टी' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे झापतो. आपल्या घरातलाच वाटतो.

मराठीत नवीन सुपरहिरो का नाही, हा मुलाचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नाही. त्याने स्वतःच एक काढलाय, रिक्षावाला आहे, कुठेही जायला 'नाही' म्हणत नाही. हीच त्याची महाशक्ती.

ध्रुवतारा | रविवार, संध्याकाळी ६:४१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पोराला दंडवत सांगा.

आंबिलकाठचा | रविवार, रात्री ९:००

ठेवायचे कसे यावर माझा अनुभव लिहितो. वाचून वाईट वाटेल, पण उपयोग होईल.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो. पाणी दीड तासात कमरेच्या वर. माणसं वरच्या मजल्यावर गेली, कपाट तिथेच. कपाटात वरच्या फळीवर इंद्रजाल आणि टिंकल, खालच्या फळीवर माझा खरा खजिना, परदेशातून आणलेले गुळगुळीत कागदाचे सुपरहिरोंचे जाडजूड संग्रह. दोन्ही फळ्या बुडाल्या.

सकाळी चिखलातून सगळं बाहेर काढलं. मला वाटलं जुनी कॉमिक्स गेली, महागडी वाचतील. झालं उलटं. न्यूजप्रिंट पाणी पितो पण चिकटत नाही. पत्नीने धुण्याच्या दोरीवर एकेक अंक मधल्या पानावर टांगला, खाली पंखा लावला, दर दोन पानांत टिश्यू घातला. आठवड्याने सुकले. लाटांसारखे वेडेवाकडे, चिखलाच्या रेघा, पण वाचता येतात. गुळगुळीत कागदावर चिनी मातीसारखा थर असतो, तो ओला झाला की डिंक होतो. सुकल्यावर ते संग्रह विटा झाले. अक्षरशः विटा. बॅटमॅन आणि त्याचा शत्रू कायमचे एकमेकांना चिकटले.

नंतर एका जाणकाराने सांगितलं की सगळं एकदम सुकवता येत नसेल तर ओली पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकायची. बुरशी थांबते, पानं चिकटत नाहीत, मग सवडीने एकेक काढून सुकवायची. हे आधी माहीत असतं तर शेजारच्या आइस्क्रीमवाल्याच्या पाया पडलो असतो.

तेव्हा माळ्यावरचा, पलंगाखाली नको. निदान कमरेच्या वर.

कवटीची_अंगठी | सोमवार, सकाळी ७:२०

पलंगाखालची सूचना मागे घेतो.

अंक ओळखला. क्रमांक व्यनिने कळवला आहे, इथे टाकत नाही. परवाच एकाने माझ्या माहितीवरून तोच अंक उचलून तिप्पट भावाने विकला. माझ्याकडे प्रत आहे, पण ती सीलबंद आहे आणि उघडायची नाही.

शनिपारकर | सोमवार, सकाळी ९:०५

सापडला! भाग ५ मध्ये, शेवटून दुसरा. आता हसा. शेवटचं पान आहे, सगळ्या चौकटी आहेत. आपला नेहमीचा शेवट, जबड्यावर कवटीचा ठसा आणि घोड्यावरून प्रस्थान. पण पानाच्या अगदी खाली एक ओळ आहे आणि ती बाइंडरने मधोमध कापलीय. शिरोरेघ आहे, वरच्या मात्रा आहेत, अनुस्वार आहे, खालचं सगळं गेलं. फोटो टाकतोय. बहुधा ती 'जंगलातली जुनी म्हण' असावी, वेताळात असायची तशी.

डॉलरकाका | सोमवार, सकाळी ९:३०

पहिलं अक्षर 'प' किंवा 'ष'. मधे एक वेलांटी. 'पृथ्वी' असेल?

ध्रुवतारा | सोमवार, सकाळी ९:४८

'दुपारी एक ते चार वेताळालाही उठवू नये.' जंगलातली जुनी म्हण. नारायण पेठेचं जंगल.

रेषारेषांत | सोमवार, सकाळी ११:१५

ओळीची जाडी बघा. फुग्यातलं अक्षर हाताने काढलेलं असतं, थोडं डुगडुगतं. ही शिरोरेघ सरळसोट आहे, खिळ्यांची. म्हणजे ही ओळ चित्रकाराची नाही, छापखान्याची आहे. म्हण नसणार.

कवटीची_अंगठी | सोमवार, रात्री १०:४०

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. हात धुऊन, पुसून, टेप कापली. (हातमोजे घातले नाहीत. सुती मोज्यांनी जुनं पान जास्त फाटतं, कोरडा स्वच्छ हात बरा.) पिशवीत घातल्यापासून पहिल्यांदाच उघडला. वास आला.

ओळ अशी आहे: 'पुढील अंक: मँड्रेक.'

आता उघडलाच आहे तर पहिल्या पानापासून वाचून काढला. चांगला आहे हो.

माळ्यावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. कवटीची_अंगठी यांनी शेवटच्या पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, ते घेऊन आज काकाकडे चिंचवडला गेलो. त्याने चष्मा लावला, एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे पान मीच फाडलं."

मागच्या बाजूला गोळ्यांची जाहिरात आहे आणि कोपऱ्यात कुपन. डॉलरकाकांची शंका खरी ठरली. कुपन कापताना पुढची चौकट फाटली, आबा ओरडतील म्हणून त्याने अख्खं पानच काढून चुलीत घातलं आणि कुपन लिफाफ्यात घालून मुंबईला पाठवलं.

मी विचारलं, काय मिळालं?

"काही नाही. स्वतःचा पत्ता घालायचा राहिला होता."

मग त्याने वही मागितली, पानं उलटली आणि बाळ्याच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हा आता कुठे असतो रे? चार मँड्रेक आहेत त्याच्याकडे."

खोकी कोथरूडच्या नव्या घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर जातील. दोन बाइंडिंगचे खंड काकाने ठेवून घेतले. बाळ्याचा पत्ता कुणाला माहीत असल्यास व्यनि करा. मागची खोली, सत्तर सालच्या आसपास सोडून गेले.

शनिपारकर | मंगळवार, रात्री ९:५५

हातपाय थोडे तिरके होते का त्याचे? आणि क्रिकेटमध्ये नेहमी आधी बॅटिंग मागायचा?

व्यनि बघा.